शिंपला की चांदी?

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेखाली एक छोटा प्रश्न असतो: कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण लिहा. 'न आवडण्याचे' हे शब्द तिथे स्पष्ट छापलेले असतात. तरी सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या हायस्कुलात मराठी शिकवताना, इतक्या वर्षांत, ते दुसरं कारण लिहिणारा मला एकच मुलगा भेटला. सराव परीक्षा होती आणि कविता समुद्रावरची. त्याने लिहिलं होतं, 'कविता आवडली नाही. कवीने समुद्र काठावर बसून बघितला आहे. आत गेलेला माणूस त्याला शांत म्हणणार नाही.'

दोन गुणांचा प्रश्न. मी अर्धा गुण दिला आणि शेजारी लाल शाईने शेरा मारला: 'कवितेचा आशय नीट समजून घ्या.'

त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी होते. भर उधाणाच्या दिवसांत बोट परत यायची वाट बघणं काय असतं ते त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्याचं अनुभवी असणं हा इथे मुद्दाच नाही. त्याने कवितेत जे पाहिलं होतं ते साहित्याच्या अभ्यासात फार मोलाचं आहे: बोलणारा कोण आहे, तो कुठे उभा राहून बोलतोय, आणि त्या जागेवरून त्याला काय दिसणं शक्यच नाही. याला 'निवेदक' आणि 'दृष्टिकोन' असे शब्द आहेत. हे शब्द त्या मुलाकडे नव्हते, माझ्याकडे होते. त्याच दिवशी वर्गात ते त्याच्या हातात दिले असते तर त्याने पाठ्यपुस्तकातल्या उरलेल्या सगळ्या कवितांची झडती घेतली असती. त्याऐवजी मी त्याला शेरा दिला. पुढच्या पेपरात त्याने 'ही कविता मला खूप आवडली' असं लिहून दोनपैकी दोन मिळवले.

हे सांगायचं कारण, शालेय मराठीतल्या परिभाषेवरून आमच्यात वाद झाला की दोन ठरलेल्या फळ्या पडतात. एक म्हणते, अलंकार, वृत्त, रस हे सगळं जुनाट ओझं आहे, काढून टाका, मुलांना मोकळेपणी कविता वाचू द्या. दुसरी म्हणते, अहो, ते हातचे गुण आहेत, निबंधात गेलेले तिथे भरून निघतात, राहू द्या. माझं भांडण दोघांशी आहे, कारण आतून दोघांचं एकमत आहे. अलंकाराचं नाव म्हणजे बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी, हे दोघांनाही मान्य. एकाला चिठ्ठी नको आहे, दुसऱ्याला चिठ्ठीचे गुण हवे आहेत. बाटलीत काय आहे ते कुणीच उघडून बघत नाही.

कोकणात ही गोष्ट जास्त बोचते, कारण चिठ्ठ्या चिकटवण्यात आपण पटाईत आहोत. दरवर्षी निकालाची बातमी ठरलेली: कोकण विभाग राज्यात अव्वल. 2024 च्या दहावीत राज्याचा निकाल 95.81 टक्के होता आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून होणाऱ्या कोकण विभागाचा 99.01. याचा मला अभिमान आहेच. त्या टक्क्यांमागे आठ-आठ किलोमीटर घाटी उतरून येणारी पोरं आहेत, काजू-आंब्याच्या हंगामात अभ्यास सांभाळणारी घरं आहेत. पण जे आपल्याला इतकं छान जमतं ते नेमकं काय आहे, हेही एकदा बघायला हवं.

जमतं ते असं. सम, समान, सारखा, परी, जसा-तसा दिसलं की उपमा. जणू, जणूकाय, गमे, वाटे, भासे, की दिसलं की उत्प्रेक्षा. ही यादी मीही फळ्यावर लिहून दिली आहे, चौकट आखून. परिणाम काय झाला ते एका हुशार मुलीने दाखवून दिलं. उत्प्रेक्षेचं स्वतःचं उदाहरण द्या, या प्रश्नाला तिने लिहिलं: 'मला वाटते आज पाऊस पडेल.' कारण 'वाटते' आहे! तिचं काही चुकलं नव्हतं. मी दिलेला नियम तिने मनापासून पाळला होता. रसग्रहणाचीही तीच गत. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन खणांची पेटी तयार असते आणि गाइडमधलं 'यमक साधल्यामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे' हे वाक्य तिसऱ्या खणात पडतं. मुक्तछंदातल्या कवितेलासुद्धा. मी अशा वाक्यांवर बरोबरची खूण केली आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

मग एकदा, नोव्हेंबरात, परिसर अभ्यासाच्या नावाखाली नववीचा वर्ग सकाळी किनाऱ्यावर नेला होता. ओहोटी लागलेली, वाळू ओली. दूर काहीतरी लकाकलं. एकजण म्हणाला, 'रुपयो!' दुसरा म्हणाला, 'रुपयो खंयचो, शिंपलो तो.' तिसरा तोवर धावत सुटलाही होता. उचलून बघितलं तर शिंपल्याची आतली बाजू, चांदीसारखी.

त्या पाच मिनिटांत अलंकारांचा निम्मा धडा झाला होता आणि तो मी शिकवलेला नव्हता. शिंपला चांदीसारखा आहे, असं म्हणताना दोन वस्तू दोनच राहतात, फक्त शेजारी येऊन बसतात. ही उपमा. जणू चांदीच सांडली आहे, म्हणताना आपण तसं असल्याची कल्पना करतो, पण ती कल्पना आहे याचं भान सुटत नाही. ही उत्प्रेक्षा. हा शिंपला म्हणायचा की चांदी, ठरतच नाही, तो ससंदेह. व्याकरणाच्या पुस्तकात भ्रांतिमानाची व्याख्या देताना एक अट असते, जी आम्ही घोकून घेतो पण तिच्याकडे बघत नाही: नुसता भ्रम होऊन भागत नाही, त्या भ्रमातून तशी कृती घडावी लागते. तिसरा मुलगा धावला होता! आणि शिंपला हातात घेऊनही कुणी म्हणालं, 'शिंपला कसला, ही तर चांदीच,' तर ती अपन्हुती. डोळ्यांदेखत आहे ते नाकारून नाही ते ठासून सांगणं.

ही नावांची यादी नाही. खात्रीच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत या. एखादी गोष्ट मला कशी दिसते, मी तिच्यावर किती विश्वास ठेवते आणि त्या विश्वासावर काय करून बसते, याचं इतकं बारीक मोजमाप दुसरीकडे कुठे शाळेत शिकवलं जातं? विज्ञानाच्या तासालाही नाही. आणि गंमत म्हणजे वेदान्त्यांचं आवडतं उदाहरण हेच आहे. दोरीवर दिसलेला साप जसा प्रसिद्ध, तशीच शिंपेवर दिसलेली चांदी, शुक्तिरजत. चांदी नव्हतीच, तर मग दिसलं ते काय होतं? दिसलं हे तर खरं ना? या एका प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतकं दर्शनांची भांडणं झाली. तो प्रश्न त्या दिवशी माझ्या वर्गाच्या पायाशी पडला होता आणि व्याकरणाच्या पुस्तकातल्या दोन ओळींच्या व्याख्येतही लपलेला होता. परिभाषा आणि तत्त्वज्ञान ही वेगळी प्रकरणं आहेत, एक व्याकरणात आणि दुसरं 'विचारसौंदर्या'त, असं मला तोवर वाटत आलं होतं.

सोळाव्या शतकातले संस्कृत काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षित यांनी अलंकारांवरच्या 'चित्रमीमांसे'त म्हटलं आहे की उपमा ही एकच नटी आहे, ती निरनिराळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचते. हे वाक्य कोकणातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. त्याने दशावताराचं लोकनाट्य पाहिलेलं असतं.

दशावताराबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे आमची मुलं शहरातल्या मुलांपेक्षा चार पावलं पुढे असायला हवीत आणि आम्ही त्यांना मागे ओढतो. हातात लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि मग राजा, ऋषी, राक्षस आपापले संवाद जागेवर रचतात. धर्म मोठा की दिलेला शब्द मोठा, दैव की कर्म, हे वाद मध्यरात्री देवळापुढे रंगतात आणि समोर पाचवीतलं पोर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत ऐकत असतं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण त्याला पाठ असते. काल तारामती होऊन रडवणारा बुवा सकाळी चहाच्या टपरीवर उभा असतो, हे त्याने पाहिलेलं असतं. मी स्वतः एका जत्रेत शेजारच्या म्हातारीला पाहिलं होतं. हरिश्चंद्राचं आख्यान चाललेलं, ती एका हाताने पदराने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने कागदातलं खाजं मोडून नातवाला देत होती. रडणं खरं होतं. खाजंही खरं होतं.

आता सांगा, दुसऱ्याचं दुःख बघायला माणसं झोप मोडून, थंडीत, गोणपाटावर येऊन का बसतात? आणि इतकं रडूनही कुणी उठून रंगमंचावर मदतीला का जात नाही? भरताच्या नाट्यशास्त्रातला रसविचार याच प्रश्नाभोवती फिरतो. तिथे रस आठ आहेत, शांत हा नववा पुढे आला. आम्ही वर्गात काय करतो? नऊ रसांची नावं, समोर स्थायीभाव, जोड्या लावा. ॲरिस्टॉटललाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याने कॅथार्सिस हा शब्द वापरला. आपल्याकडे त्याला विरेचन म्हणतात. एकदा अकरावीच्या वर्गात मी तो शब्द उच्चारल्याबरोबर मागच्या बाकावर खसखस पिकली, कारण वैद्यांच्या भाषेत विरेचन म्हणजे जुलाब. मी रागावले. चुकलं माझंच. हसणाऱ्यांना शब्द अचूक कळला होता. शोकांतिका मनाला जुलाब देते, असं कुणी म्हणालं तर त्यावर एक अख्खा तास वाद घालता येतो, आणि घालायला हवा.

हे सगळं परकं, उच्चभ्रू, आपल्या पोरांच्या आवाक्याबाहेरचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी देवगड तालुक्यातलं धालवली दाखवते. विंदा करंदीकर तिथले. 1957 साली ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्यांनी मराठीत आणलं. लहान मुलांसाठी त्यांनी भुतं, परी आणि राणीची बाग लिहिली. आणि उतारवयात, 2003 साली, देकार्त, स्पिनोझा, कांट, नीत्शे असे सात युरोपीय तत्त्वज्ञ आणि आठवा आपला चार्वाक यांना घेऊन 'अष्टदर्शने' रचली. त्याच हाताने बालगीत, त्याच हाताने कांट. आमच्या शाळेत त्यांची जयंती होते, फोटोला हार घातला जातो, आणि नंतर आम्ही मुलांना सांगतो की तत्त्वज्ञान तुमच्या डोक्यावरून जाईल.

अर्थात आपल्या मातीत सगळं आधीच आहे, बाहेरचं काही नको, या गोड समजुतीचाही मला तितकाच कंटाळा आहे. पन्नास दशावतार पाहिलेला मुलगा कसलेला प्रेक्षक असतो, पण हा नट त्या नटापेक्षा सरस का, असं विचारलं तर 'मस्त करता' यापलीकडे त्याला जाता येत नाही. तिथेच परिभाषेची गरज लागते. मासळी बाजारात नवख्याला सगळे लहान मासे सारखेच. ज्याला तारली आणि पेडवे ही नावं माहीत आहेत त्याला ते दोन वेगळे दिसतात, आणि नाव माहीत झाल्यानंतरच फरक दिसायला लागतो असंही पुष्कळदा घडतं. म्हणून परिभाषा काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. मुलांना मोकळं सोडा म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण नुसत्या मोकळ्या सोडलेल्या मुलाकडे 'छान वाटली' एवढाच शब्द उरतो. मला भांडण क्रमाचं दिसतं. आधी मासा हातात, मग नाव.

आता 'संदेश'. कवितेतून मिळणारा संदेश लिहा, हा प्रश्न मला अलंकारांच्या चौकटीपेक्षा जास्त घातक वाटतो. त्याने कवितेतला विचार शाळेच्या भिंतीवरच्या सुविचाराएवढा होऊन जातो. झाड आलं की पर्यावरण वाचवा. आई आली की मातृप्रेम. मृत्यू आला की जीवन क्षणभंगुर आहे, म्हणून सत्कर्म करा. रत्नागिरी जिल्ह्यात शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. शक्तीवाले म्हणतात शक्ती मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा, गाण्यातून सवाल, गाण्यातून जबाब. पिढ्यान्‌पिढ्या हा सामना चालू आहे आणि अजून निकाल लागलेला नाही. लागला तर पुढच्या वर्षी बारीचं आमंत्रण कुणाला द्यायचं? जो समाज करमणूक म्हणून न सुटणारे प्रश्न रात्र रात्र ऐकतो, त्याच्या मुलांना आम्ही दोन गुणांत उत्तर काढायला लावतो.

पेपर तपासणाऱ्याची अडचण मला माहीत आहे, कारण मी त्या खुर्चीत बसले आहे. समोर गठ्ठा, शेजारी नमुना उत्तर, वर तपासणीवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाची नजर. वैभववाडीतल्या मुलाला एक न्याय आणि दापोलीतल्या मुलीला दुसरा, असं होऊन चालणार नाही. 'मुलांना स्वतंत्र विचार मांडू द्या' असं भाषणात म्हणणाऱ्या किती जणांनी भर उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासल्या आहेत? संदेश विचारला की उत्तर तपासता येतं, ही त्या प्रश्नाची खरी ताकद आहे. पण तपासता येण्यासाठी उत्तर एकच असावं लागतं, हे काही खरं नाही. मुलाने आपलं मत कवितेतल्या कोणत्या शब्दावर उभं केलं, हेही तपासता येतं. तो शब्द कवितेत असतो किंवा नसतो. त्या शब्दाला तेवढं वजन पेलवतं किंवा पेलवत नाही. माझ्या त्या खलाशाच्या पोराने 'शांत' या एका शब्दावर बोट ठेवलं होतं. त्याला दोन गुण देताना जगातल्या कुठल्याच नियामकाने माझा हात धरला नसता. अलंकाराच्या प्रश्नातही नुसतं नाव न विचारता, इथे कवीने 'सारखा' न म्हणता 'जणू' का म्हटलं असेल, एवढंच विचारून बघा. गाइडवाल्यांना त्याचंही तयार उत्तर छापायला वर्ष लागणार नाही, हे मान्य. पण ते वर्ष तरी आपलं.

बोर्डाचा पेपर माझ्या हातात नाही. शाळेची चाचणी मात्र होती. गेल्या वर्षी नववीला तुकोबांचा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरी' हा अभंग घेतला आणि संदेशाच्या जागी प्रश्न घातला: हा अभंग वाचून तुम्हाला पडलेला आणि अजून न सुटलेला एक प्रश्न लिहा, तो कोणत्या शब्दामुळे पडला ते सांगा. निम्म्याहून जास्त मुलांनी जागा कोरी सोडली. काहींनी सवयीने 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहिलं. एक पालक शाळेत आले, म्हणाले, 'बाई, उत्तरं विचारायची सोडून तुम्ही प्रश्नच काय विचारता? बोर्डात असलं येत नाही.' त्यांचं म्हणणं रास्त होतं आणि माझ्याकडे त्यावर पटेल असं उत्तर नव्हतं.

एका मुलीने लिहिलं होतं:

'यात रूपक अलंकार आहे. पण तुकारामांनी झाडांना सगे का नाही म्हटले? सगे रक्ताचे असतात, ते आपोआप मिळतात. सोयरे सोयरीक केल्यावर होतात. सोयरीक दोन्हीकडून ठरते. झाडांकडून कोणी होकार दिला?'

'सगेसोयरे' हा शब्द आरक्षणाच्या बातम्यांमुळे तिच्या कानावर सारखा पडत असणार, त्यातूनच तिला फोड सुचली असेल. या अभंगातल्या 'सोयरी'वर मी आजवर कधी थांबले नव्हते. 'नातेवाईक' असा शब्दार्थ फळ्यावर लिहून पुढच्या ओळीला लागायचे. गुण मी दोनपैकी दोन दिले, ते सोपं होतं. पेपर परत देताना तिने विचारलं, 'बाई, पण होकार कोणी दिला?' मी म्हटलं, 'बघून सांगते.' ती आता दहावीत आहे. व्हरांड्यात समोरासमोर आलो की नुसत्या भुवया उंचावते.